रोममधला पंधरा मिनिटांचा पास्ता: चीजचा गोळा का होतो आणि कसा टाळायचा?

रीलमध्ये माणूस पास्ता उकळतो, वर चीज किसतो, दोनदा पॅन हलवतो आणि मलईसारखा सॉस तयार. तेच आपण घरी करायला जावं तर चीजचा रबरासारखा गोळा चमच्याला चिकटतो आणि खाली नुसतं पाणी उरतं. पंधरा मिनिटांत होतं हे खोटं नाही. पण त्या पंधरा मिनिटांच्या आधीचं काम कॅमेऱ्यात दिसत नाही.

ते काम सालुमेरियाच्या मालात झालेलं असतं. खारवलेलं मांस, चीज, मुरवलेले ऑलिव्ह असा माल विकणाऱ्या दुकानाला इटलीत सालुमेरिया म्हणतात. काउंटरवर हवं तेवढं कापून, वजन करून देतात. रोममध्ये तिथून दोन गोष्टी घेतल्या की रात्रीच्या जेवणाची सोय झाली.

पहिली, पेकोरिनो रोमानो. मेंढीच्या दुधाचं खारट, कडक चीज. किसायचं पेकोरिनो किमान 8 महिने मुरवलेलं असावं लागतं. (नावात रोम असलं तरी बहुतेक माल सार्डिनिया बेटावर बनतो, ही वेगळीच गंमत.) दुसरी, गुआन्चाले. 'गुआन्चा' म्हणजे गाल. डुकराच्या गालाच्या मांसाला मीठ-मिरी चोळून ते कित्येक आठवडे टांगून मुरवतात.

म्हणजे मीठ, चरबी, आंबूस-खारट चव सगळं आयतंच आलं. घरी वाटण नाही, कांदा परतणं नाही.

आता या दोन वस्तूंवर रोमचे चार प्रसिद्ध पास्ते उभे आहेत. पेकोरिनो आणि काळी मिरी म्हणजे काच्यो ए पेपे. त्यात गुआन्चाले घातलं की ग्रिचा. ग्रिचात टोमॅटो घातला की आमात्रिचाना, आणि टोमॅटोऐवजी अंडं घातलं की कार्बोनारा. हा इतिहासाचा क्रम नाही बरं का, फक्त लक्षात ठेवायची सोय. कार्बोनारा तर दुसऱ्या महायुद्धानंतरच गाजला. 'ला कुचिना इतालियाना' या मासिकाने 1954 मध्ये त्याची कृती छापली, त्यात लसूण होता आणि ग्रुयेर हे स्विस चीज होतं. आज रोममध्ये कुणी असं केलं तर भांडणच होईल.

चौघांत सगळ्यात कमी साहित्य काच्यो ए पेपेला लागतं आणि फसतोही तोच जास्त. कारण सरळ आहे. चीज साधारण 65 अंशांच्या वर तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि गुठळी होते. पास्त्याच्या पाण्यात उतरलेला स्टार्च त्यांना वेगळं ठेवतो. पण भरपूर पाण्यात पास्ता उकळला की ते पाणी पातळच राहतं आणि स्टार्च पुरत नाही.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावर चक्क शोधनिबंध लिहिला आणि 2025 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळवलं. त्यांचं उत्तर: चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्टार्च हवा. 1 टक्क्याच्या खाली गेलात की गोळा ठरलेला.

आपल्या स्वयंपाकघरात हे सोपं आहे. दोघांसाठी 200 ग्रॅम स्पॅगेटी आणि 120 ग्रॅम चीज. साधारण 3 ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर 30 मिली पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. त्यात 60 मिली गार पाणी घाला आणि चीजबरोबर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा. पास्ता निथळून मिनिटभर थांबा, मगच हा सॉस घाला, तोही गॅस बंद करून. पाण्यात मीठ कमीच टाका, चीज खारट असतं.

कार्बोनारातही हाच नियम. पॅन आचेवर असताना अंडं ओतलं तर हाती भुर्जी येते.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट बघून घ्यावी. अस्सल पेकोरिनो रोमानोसाठी दूध कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजतात आणि पार्मिजानोसाठी वासराच्या. पास्त्यात मांस नसलं तरी चीज शाकाहारी नाही. त्यामुळे हिरवा ठिपका असलेलं, मायक्रोबियल रेनेटचं कडक चीज शोधा. प्रोसेस्ड चीज गुठळी न होता वितळतं, कारण त्यात इमल्सिफायर क्षार असतात. पण ती मुरलेली, जिभेला झोंबणारी चव त्यात नाही. गुआन्चाले मिळालं नाही तर पँचेटा चालतो. बेकनला बहुतेक वेळा धुरी दिलेली असते, त्याने पदार्थाची चव बदलते.

आणि मिरीची पूड डब्यातली नको. दाणे कोरडे भाजून खलबत्त्यात भरड कुटा. काच्यो म्हणजे चीज आणि पेपे म्हणजे मिरी, तिसरं काही या पदार्थाच्या नावातही नाही.