कुठंतरी घसरलं पाहिजे

"आत्या, मोटर ओरडते, पण गाडी जागची हलत नाही."

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवता शिकवता जीप, टेम्पो, ट्रॅक्टर अशा सगळ्यांच्या पोटात हात घालून झालाय माझा. त्या रविवारी मात्र भाच्यानं ओट्यावर आणून ठेवलेला पेशंट हातभर लांब आणि दोन-अडीच किलोचा होता. रेडिओ कंट्रोलवर चालणारा ऑफ-रोड ट्रक, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा. गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीच्या ढिगांवरून उड्या मारता मारता बसला होता.

खेळणं म्हणून हसण्यावारी नेणार होते. वरचं कवच काढलं आणि गप्प बसले. आत गिअर बॉक्स होता, डिफरन्शियल होतं, क्रॉस लावलेले ॲक्सल होते. वर्गात फळ्यावर काढते ते सगळं इथं मुठीत मावत होतं. जपानच्या तामिया कंपनीनं १९७९ मध्ये 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या वाळूत पळणाऱ्या गाड्या आणल्या, तेव्हापासून हा शौक मातीत उतरला. भाच्याचा ट्रक 'शॉर्ट कोर्स' जातीचा, म्हणजे अमेरिकेतल्या मातीच्या शर्यतींमधल्या ट्रकांवरून बेतलेला. २००८ मध्ये ट्रॅक्सस कंपनीचा 'स्लॅश' आला आणि ही जात शौकिनांच्या घरोघरी पोचली.

गाडी खरी असो की खेळण्यातली, दुरुस्तीआधी ताकदीची वाट समजून घ्यायची. मोटरच्या दांड्यावर पितळी रंगाचं छोटं चाक असतं, ते पिनियन. ते प्लॅस्टिकच्या मोठ्या चाकाला, म्हणजे स्पर गिअरला फिरवतं. स्परच्या पोटात घसरणारा क्लच असतो, त्याला स्लिपर म्हणतात. तिथून गिअर बॉक्स, मग डिफरन्शियल, मग दोन बाजूंचे ॲक्सल आणि शेवटी मागची चाकं. आम्ही दात मोजले. पिनियनला १८, स्परला ८६. गिअर बॉक्स आणखी २.७२ पट वेग कमी करतो. गुणाकार केला तर मोटरच्या १३ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. मोटर मिनिटाला १५ हजार फेऱ्या मारत असेल, तर ११ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ताशी २४ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. वेग तेरा पटींनी घटतो आणि घर्षणात जाईल ते वगळता जोर तितकाच वाढतो. भाच्यानं हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला. शाळेतलं गुणोत्तर त्याला इतक्या राजीखुशीनं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मोटर फिरते आणि चाकं नाहीत, म्हणजे वाट मध्येच तुटलेली. कुठं, ते हातानं कळतं. स्पर गिअर बोटानं घट्ट धरायचा आणि मागचं एक चाक पुढं फिरवायचं. दुसरं चाक तेवढंच उलटं फिरलं, तर डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत सगळं शाबूत आहे. जीप जॅकवर चढवून हीच परीक्षा मी पोरांना दाखवते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी ही करामत. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. ट्रकमधले हे इवलेसे दाते पाहिले, की घड्याळजीचं डोकं त्यात का चाललं असेल ते पटतं.

आमचं डिफरन्शियल पास झालं. दोष सापडला स्परमध्ये. पाच-सहा दात सपाट आणि बाकीचे कोरे. वयानं झिजलेलं चाक सगळीकडून सारखं झिजतं. इथं चाकं अडलेली असताना पिनियननं उभ्या जागी दात खरवडले होते. मोटरचा स्क्रू सैल होऊन पिनियन मागं सरकलं होतं आणि दातांची पकड टोकाटोकावर आली होती.

नवा स्पर बसवताना वहीच्या कागदाची पट्टी कामाला आली. पिनियन आणि स्परच्या मध्ये पट्टी घालायची, मोटर सरकवून दात दाबायचे, स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदाच्या जाडीएवढी फट उरते. त्याहून सैल राहिलं तर दात जातात, घट्ट बसलं तर मोटर तापते आणि गाडी किंचाळते. पिनियनचा बारीक स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. त्याला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावायचा, पण तो प्लॅस्टिकला लागू द्यायचा नाही, प्लॅस्टिक तडकू शकतं.

इथवर मी शहाणी होते. पुढची चूक माझी.

गाडी सुटताना पहिल्या फूटभर अंतरात 'चिर्रर' असा आवाज यायचा. स्लिपर घसरतोय हे कळलं. आता मोठ्या गाडीचा क्लच घसरला की आम्ही प्लेट बदलतो. घसरणं म्हणजे रोग, हे हाडात भिनलेलं. मी स्लिपरचा नट पार आवळून टाकला. आवाज गेला. गाडी दगडासारखी सुटायला लागली. भाचा खूश, आत्या त्याहून खूश.

आठवड्यात डाव्या ॲक्सलचा क्रॉस तुटला. प्लॅस्टिक हलकं असणार म्हणून मी नवा घातला. पुढच्या रविवारी उजवा गेला. त्यानंतर डिफरन्शियलमधले दात. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

आमच्याकडं उसाच्या रानात रोटावेटर चालतो. ट्रॅक्टरकडून येणाऱ्या त्याच्या दांड्यात मुद्दाम कमी ताकदीचा एक बोल्ट घातलेला असतो. पात्याखाली दगड आला की तो कातरला जातो आणि पुढचा गिअर बॉक्स वाचतो. सारखा बोल्ट बदलायला वैतागून एखादा शेतकरी तिथं कडक पोलादी बोल्ट ठोकतो. मग बोल्ट टिकतो आणि गिअर बॉक्स वर्कशॉपला येतो. अशांना मी किती वेळा बोलले असेन! आणि घरात मी तेच करून बसले होते.

ट्रक उडी घेतो तेव्हा हवेत चाकांना अडवायला काही नसतं, ती भन्नाट फिरतात. जमिनीला टेकताक्षणी थबकतात. मोटरचा गाभा मात्र थांबायला तयार नसतो. तो सगळा हिसका मधल्या दातांवर, क्रॉसवर येतो. स्लिपर त्या क्षणी किंचित घसरून तो हिसका गिळतो. मी त्याचं घसरणं बंद केलं, तेव्हा हिसका पुढचा कमजोर भाग शोधत गेला. मी तुटेल तो भाग बदलत राहिले, तुटण्याचं कारण मात्र मीच आवळून ठेवलं होतं.

मग सगळं पुन्हा खोललं. स्टीलच्या परातीत भाग मांडले, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. बेअरिंगमधली वीटभट्टीची लाल धूळ पुसली. डिफरन्शियलमध्ये नवे दाते आणि मधासारखं दाट सिलिकॉन तेल घातलं. स्लिपरचा नट माहितीपत्रकाप्रमाणे आधी स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळला आणि मग सैल सोडला.

"किती सैल?" भाच्यानं विचारलं.

"अर्धी फेरी. मग हातानं बघायचं." मागची दोन्ही चाकं मी घट्ट धरली. "आता अंगठ्यानं स्पर ढकल."

त्यानं ओठ चावून जोर लावला. "जड जातंय. पण फिरतंय."

"मग बरोबर आहे. आणि गाडी हवेत असताना रेस सोडायची."

संध्याकाळी वीटभट्टीवर ट्रक सुटताना पुन्हा तोच 'चिर्रर' आवाज आला. या वेळी दोघांनीही नटाला हात लावला नाही.