मूल रडलं की आपल्या आत काय होतं?

मूल रडायला लागलं की काहींना त्याला पटकन उचलून घ्यावंसं वाटतं. काहींना मात्र तेच रडणं सहन होत नाही. असं का होतं, ते आज पाहू या.

जबलपूरचं कमानिया गेट डोळ्यांसमोर आणा. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेलं गेट आणि भोवती गजबजलेला बाजार. समजा, त्या गर्दीत आईच्या हातातून चार वर्षांच्या मुलाचा हात सुटला आणि मिनिटभरानं ते रडत सापडलं. एक आई त्याला पोटाशी धरेल. दुसरी म्हणेल, ‘रडायला काय झालं? गप्प बस!’ तिसरी स्वतःच इतकी रडेल, की मुलालाच तिची समजूत काढावी लागेल. माया तिघींनाही आहे. मग फरक कुठून आला?

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी याचा पाया सांगितला. आपण लहानपणी रडलो तेव्हा कोणी जवळ घेतलं का, यावरून जवळिकीबद्दलचा एक अंदाज मनात पक्का होतो. ज्याचं रडणं कायम झिडकारलं गेलं, त्याला पुढं मुलाची गरज हा हट्ट वाटू शकतो.

मग ज्यांचं बालपण खडतर गेलं, त्यांनी काय करायचं? मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना बालपणाबद्दल विचारायची एक मुलाखत तयार केली. ती बालपण किती सुखाचं होतं हे मोजत नाही. माणूस ते किती सुसंगत आणि मोकळेपणानं सांगतो, हे पाहते. पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये गरोदर बायकांच्या अशा मुलाखती घेतल्या. बाळाचं वर्षभरानंतरचं आईशी नातं सुरक्षित असेल की नाही, याचा अंदाज त्यावरून सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर आला. १९९१ साली हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडचं उदाहरण मला साने गुरुजींचं वाटतं. त्यांनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात आईची माया आहे, तसा पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला तिनं दिलेला मारही आहे, गरिबीही आहे. काही झाकलेलं नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांना माया लावणारे गुरुजी हेच.

म्हणून मुलाच्या रडण्यानं चीड आली, तर ‘मला मुलं आवडतच नाहीत’ असा शिक्का स्वतःवर मारू नका. आधी मुलाला जवळ घ्या. मग निवांतपणी विश्वासातल्या कोणाला तरी सांगा, की आपण रडायचो तेव्हा घरात काय व्हायचं. घडलेलं बालपण बदलत नाही, पण ते बोलून समजून घेतलं, तर त्याची झळ पुढच्या पिढीला कमी लागते.