सरस्वती विहाराची नागपुरी दहा वर्षं

रामायण आहे, पण सीता नाही. रावण नाही, लंका नाही, माकडंही नाहीत. दशरथ आहे, त्याचे चार मुलगे आहेत, तिसऱ्या राणीचा हट्ट आहे, बारा वर्षांचा वनवास आहे आणि सिंहासनावर ठेवलेल्या रामाच्या चामडी वहाणा आहेत. ही बौद्ध कथा इ. स. ४७२ मध्ये चिनी भाषेत उतरली. तिच्याहून जुनी, २५१ सालची, आणखी एक चिनी कथा बरोबर उलटी. तिच्यात राणीचं हरण आहे, तिच्यासाठी झुंजणारा पक्षी आहे, राज्य गमावलेला वानरराजा आहे, समुद्रावर घातलेला बांध आहे. पण कुणालाही नाव नाही. नुसता राजा, नुसती राणी, आणि तपस्व्याच्या वेषात येऊन तिला पळवणारा एक नाग. एकीत नावं आहेत आणि प्रसंग नाहीत, दुसरीत प्रसंग आहेत आणि नावं नाहीत.

या दोन्ही कथा एका पुस्तकात आणल्या डॉ. रघुवीर आणि जपानी अभ्यासक चिक्यो यामामोतो यांनी. ‘रामायण इन चायना’ १९३८ साली लाहोरला निघालं. दुसरी आवृत्ती निघाली १९५५ साली, आणि तिच्यावर गावाचं नाव आहे नागपूर.

हे नाव तिथं कसं आलं, ते आमच्या गावातही फार जणांना ठाऊक नसतं. सरस्वती विहार, म्हणजेच इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ इंडियन कल्चर, ही संस्था लाहोरची. १९४६ साली, फाळणीच्या तोंडावर, ती ग्रंथांसकट नागपुरात आली आणि १९५६ साली दिल्लीला गेली. उणीपुरी दहा वर्षं. तेवढ्यात या शहरात वेद, तिबेटी, चिनी, मंगोल आणि जुनी जावानीज असा अभ्यास एका छपराखाली चालला.

रघुवीर मूळचे रावळपिंडीचे, जन्म १९०२ चा. लंडनला डॉक्टरेट, मग हॉलंडात उट्रेख्तला विलेम कालांद यांच्याकडे वेदाभ्यास. कालांद म्हणजे वैदिक कर्मकांडाच्या ग्रंथांतले त्या काळचे मोठे जाणकार. सामवेदाच्या जैमिनीय ब्राह्मणाची हस्तलिखितं इतकी अशुद्ध होती, की त्यांनी १९१९ साली त्यातले निवडक उतारेच जर्मन भाषांतरासह छापले. निवडक, कारण सगळं छापणं म्हणजे पानोपानी अंदाज करत जाणं. ते काम शिष्यानं पुढं नेलं, आणि शिष्याच्या मुलानंही. लोकेश चंद्र यांनी १९५० साली त्याच उट्रेख्तला याच ग्रंथाच्या एका भागावर पदवी घेतली. बापलेकांनी मिळून संपूर्ण जैमिनीय ब्राह्मण पहिल्यांदा छापून काढलं ते १९५४ साली, नागपुरात. वैदिक अभ्यासाच्या जगात आजही त्या आवृत्तीला वळसा घालून जाता येत नाही. त्यात वरुणाचा मुलगा भृगू परलोकात जातो आणि माणसं माणसांना तोडून खाताना पाहतो. परत येऊन बापाला विचारतो, तर उत्तर मिळतं: ती इथली झाडं होती, अग्निहोत्र न करता लाकूड तोडणाऱ्यांवर ती तिथं उलटतात.

पण नागपूरला रघुवीर आठवतात ते यासाठी नव्हे. ते आठवतात शब्दांसाठी, आणि बहुधा हसण्यासाठी.

तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. प्रांत दोन भाषांचा, हिंदी आणि मराठी. इंग्रजी कारभार उचलून या दोन भाषांत ठेवायचा तर शब्द हवेत, आणि ते दोन्हीकडे चालतील असे हवेत. रघुवीरांचं उत्तर तयार होतं: संस्कृत धातू घ्या, उपसर्ग आणि प्रत्यय लावा, हवे तेवढे शब्द पाडा. एक धातू हातात घेऊन पाहू. ‘धा’ म्हणजे ठेवणं. त्याला ‘वि’ लावला की विधी, विधान, विधायक, विधेयक, आणि पुढं वैध, अवैध. ‘सम्’ आणि ‘वि’ मिळून संविधान. उपसर्ग बदला: परिधान, अभिधान, समाधान, निधी, संधी, उपाधी. यातले बरेच शब्द जुनेच. पण कायद्याच्या एका संकल्पनेपासून तिची सगळी भावंडं एकाच मुळातून काढायची, म्हणजे वाचणाऱ्याला एक कळलं की दहा कळतील, ही त्यामागची शिस्त होती. सगळा आराखडा कागदावर विलक्षण देखणा दिसतो.

रसायनशास्त्रात मात्र तो फसला. हायड्रोजनला उद्‌जन म्हटलं, पाणी जन्माला घालणारा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. ऑक्सिजनला जारक, कारण जारण हा आपल्या रसशास्त्रातला शब्द. कार्बन प्रांगार, नायट्रोजन भूयाति. सोडियमच्या शेपटासाठी ‘धातु’तला ‘आतु’ काढून घेतला: क्षारातु, दहातु, चूर्णातु, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. क्लोरिन नीरजी, ब्रोमिन दुराघ्री. ब्रोमिनची बाटली कधी उघडली असेल त्याला ‘दुराघ्री’ पटेल. कार्बन डाय ऑक्साइड झाला प्रांगार द्विजारेय. यातलं काहीही प्रयोगशाळेत गेलं नाही. माझ्या मते दोष संस्कृतचा नव्हे. शब्द आधी हातात खेळतो, मग कोशात जातो. इथं तो आधी कोशात गेला. वेल्डिंग करणारा, औषधाच्या दुकानातला, शाळेतला बाकावरचा पोरगा, यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग ‘लोहपथगामिनी’सारखे विनोद रघुवीरांच्या नावावर खपू लागले आणि ‘रघुवीरी’ हे विशेषण झालं. ज्या वर्तमानपत्रांनी थट्टा केली, त्यांनाच आज विधेयकावाचून मथळा देता येत नाही. विनोदाचं हे असं असतं.

१९५५ साली रघुवीर चीनला गेले. तीन महिने फिरले, तुनहुआंगच्या लेण्यांपर्यंत. पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना भेटले. येताना हस्तलिखितं, ठसे, चित्रं असं भरपूर घेऊन आले. आशियाभर पसरलेलं बौद्ध आणि भारतीय वाङ्मय मूळ लिप्यांत छापण्याची ‘शतपिटक’ ही माला पुढं अशाच साठ्यांवर उभी राहिली. पुढं १९५७ साली ‘वृहस्पति-तत्त्व’ निघालं. जुन्या जावानीज भाषेतला शैव ग्रंथ: संस्कृत श्लोक, त्याखाली जावानीज विवरण, कैलासावर ईश्वर सांगतो आहे आणि बृहस्पती विचारतो आहे. संपादन रघुवीरांच्या कन्या सुदर्शना देवी यांचं. संस्था तोवर दिल्लीला गेलेली, पण प्रकाशनस्थळ अजून नागपूरच.

जाण्याला कारणं होतीच. रघुवीर १९५२ पासून राज्यसभेत. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला ठरली. ज्या सचिवालयासाठी शब्द पाडायचे, ते सचिवालयच उठलं. पुढं दिल्लीत लोकेश चंद्र यांचा तिबेटी-संस्कृत कोश बारा भागांत आला आणि मंगोल कंजूर, म्हणजे मंगोल भाषेतली बुद्धवचनं, १०८ खंडांत छापली गेली. कंजूर छापलेलं पाहायला रघुवीर नव्हते. १४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात ते गेले. तेव्हा ते जनसंघाचे अध्यक्ष होते आणि निघाले होते राममनोहर लोहियांच्या पोटनिवडणुकीच्या प्रचाराला.

आता १९५६ ची दुसरी तारीख. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. ज्या वर्षी तिबेटी आणि मंगोल बुद्धवचनांची कपाटं नागपुरातून हलली, त्याच वर्षी याच गावात बाबासाहेब आंबेडकर लाखो माणसांसह बुद्धाला शरण गेले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हेच मला जास्त बोचतं. पंडितांचा बुद्ध आणि माणसांचा बुद्ध एकाच शहरात होते आणि त्यांची गाठ पडली नाही.

बुद्धवचनांची आणखी एक भाषा, पाली, मात्र नागपूरला सोडून गेली नाही. त्या दीक्षेच्या जागी, दीक्षाभूमीवर, दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल लागतात. गावाकडून आलेली बाई पिशवीतली शिदोरी बाजूला सारून पालीचं पातळ व्याकरण उलटून बघते आणि मुलाला विचारते, हे तुला वाचता येतं का. भदन्त आनंद कौसल्यायन हे आणखी एक पंजाबी. तेही नागपूरचे झाले, १९८८ साली इथंच वारले. पाली-हिंदी कोश त्यांचा, आणि सगळ्या जातककथांचं सहा खंडांतलं हिंदी भाषांतरही.

त्या भाषांतरात ४६१ वी कथा दशरथ जातक. तिच्यात सीता आहे, पण रामाची बहीण म्हणून. वनवास बारा वर्षांचाच. आणि वहाणा चामड्याच्या नाहीत, गवताच्या आहेत. अमात्य त्या सिंहासनावर ठेवतात आणि त्यांच्यासमोर खटले चालवतात. निवाडा चुकला की त्या पादुका एकमेकींवर आपटतात. मग अमात्य तो खटला पुन्हा ऐकतात. निवाडा बरोबर झाला की त्या गप्प पडून राहतात.