सायकलवरून पडल्यावर: न दिसणारा मार ओळखा

आम्ही मुर्रीच्या बचत गटाच्या महिला. आज बोलणार आहोत सायकलवरून पडण्याबद्दल.

राज्यातल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकलमुळे मुलींची शाळा टिकली. आता जाड टायरच्या, गिअरच्या सायकलीही गावात आल्या आहेत. मुलं त्या मुरमाच्या उतारावरून, बांध्यांच्या धुऱ्यावरून भरधाव सोडतात. पडणं आलंच.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी उतारावर पडली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. आईने हळद लावली. रात्री पोरीचं पोट दुखायला लागलं, चेहरा पांढरा पडला. दवाखान्यात नेल्यावर कळलं, हँडलचं टोक पोटात बसून आत रक्तस्राव झाला होता. पोर वाचली. पण वरून जखम दिसत नव्हती, म्हणून आम्ही सगळ्याच गाफील राहिलो होतो.

म्हणून हे लक्षात ठेवा. हँडल पोटात लागलं असेल तर यकृताला किंवा प्लीहेला इजा होऊ शकते. पोटदुखी, उलटी, चक्कर, गार घाम, लघवीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

डोक्याला मार लागला असेल तर निदान एक दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, खूप गुंगी, बरळणं, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं, हे धोक्याचे इशारे आहेत. मान दुखत असेल, हातपाय बधिर असतील, तर ओढून उठवू नका. डोकं-मान स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा.

पडताना माणूस हात टेकतो. त्यामुळे मनगट किंवा गळ्याखालचं आडवं हाड मोडतं. सूज असेल तर चोळू नका, ओढून बसवू नका. ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा आणि एक्स-रे काढा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, उचलून उचलून पाहू नका. खरचटलं असेल तर स्वच्छ पाण्याने माती धुवा. हळद, चहापत्ती, राख नको. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारा. जास्त मार असेल तर तपासणी होईपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका.

आता पडू नये म्हणून. उतारावर फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचलतं आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. वेग आधीच कमी करा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. हँडलच्या टोकाचं रबर निघालं असेल तर उघडी नळी सुरीसारखी लागते. नवं रबर थोड्या पैशांत मिळतं, आजच बसवा. ओढणी चाकापासून दूर बांधा. जमेल तर हेल्मेट घ्या.

त्या ताईच्या घरात सगळे म्हणाले, आता सायकल बंद. आम्ही घरी जाऊन समजावलं, ब्रेक आणि रबर बदला, पोरीची शाळा बंद करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पुन्हा सायकलने शाळेत जाऊ लागली.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी आपल्या अंगणातली सायकल एकदा तपासा.