'१९८४'च्या आधीचा ऑर्वेल

जॉर्ज ऑर्वेलचं नाव आपल्याकडे निघतं ते दोनच पुस्तकांमुळे: 'ॲनिमल फार्म' (१९४५) आणि 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९). सत्तेवर कोणीही असो, विरोधातल्यांना ही पुस्तकं आयती हाताशी असतात. अग्रलेखात, भाषणात, व्हॉट्सॲपवर ती सर्रास सापडतात. त्याआधी, १९३४ ते १९३९ या काळात, ऑर्वेलने चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्याकडे फारसं कोणी वळत नाही. माझ्या मते राजकीय कादंबरीकार म्हणून तो घडला तो याच चार पुस्तकांत. तिथे हुकूमशहा दिसत नाही. दिसतात ती मान तुकवणारी, अंगाशी येऊ नये म्हणून गप्प बसणारी माणसं. म्हणूनच ही पुस्तकं प्रतिपक्षावर फेकून मारता येत नाहीत.

पहिली 'बर्मीज डेज' (१९३४). ऑर्वेलचं खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३चा; वडील सरकारी अफू खात्यात नोकरीला. १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षं त्याने ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिस खात्यात काढली. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. इरावतीकाठच्या काथा गावात त्याची नेमणूक होती, आणि कादंबरीतलं गाव त्यावरूनच उभं राहिलं आहे.

गोऱ्यांच्या क्लबात एक देशी सभासद घ्यावा, असं वरून सुचवलं जातं. त्या जागेला सर्वांत लायक माणूस म्हणजे हिंदी डॉक्टर वीरस्वामी. लाकडाच्या कंपनीतला फ्लोरी हा त्याचा जिवलग मित्र. डॉक्टरच्या व्हरांड्यात बसून फ्लोरी इंग्रजी राज्याला लुटारूंचं राज्य म्हणतो, आणि डॉक्टर तळमळून त्याच राज्याची बाजू घेतो. पुढे क्लबात देशी माणसाला विरोध करणारा कागद समोर येतो, तेव्हा हाच फ्लोरी त्याच्यावर सही करतो. त्याला कोणी धमकावलेलं नसतं. नाही म्हटलं तर वाद होईल, चार लोक तोंड फिरवतील, एवढंच भय. साम्राज्य कशावर टिकतं हे सांगायला ऑर्वेलला एवढी एक सही पुरते.

समोरच्या बाजूला ऊ पो क्यिन हा बर्मी न्यायाधिकारी आहे. तो दोन्ही पक्षकारांकडून लाच घेतो आणि मग निकाल मात्र कायद्याला धरूनच देतो, त्यामुळे निःपक्षपाती म्हणून त्याचा लौकिक! शेवटी क्लबात प्रवेश मिळतो तो यालाच. तालुक्याची कचेरी ज्याने पाहिली आहे त्याला हे पात्र परकं वाटणार नाही. अब्रुनुकसानीच्या भीतीने लंडनच्या प्रकाशकाने आधी ही कादंबरी नाकारली. ती न्यूयॉर्कमध्ये निघाली आणि १९३५मध्ये नावं बदलून लंडनला आली.

पुढच्या दोन, 'अ क्लर्जीमन्स डॉटर' (१९३५) आणि 'कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग' (१९३६), खुद्द ऑर्वेललाच नकोशा झाल्या होत्या. त्या पुन्हा छापू नयेत अशी त्याची इच्छा होती. पहिली खरोखरच विस्कळीत आहे. त्यातलं ट्रॅफल्गर चौकातल्या बेघरांच्या रात्रीचं, नाटकासारखं संवादांत लिहिलेलं प्रकरण तेवढं वाचावं. दुसरीवर मात्र त्याने अन्याय केला. तिचा नायक गॉर्डन हा जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून पुस्तकांच्या दुकानात राबणारा कवी. खिशात तीन पेन्सचं नाणं आहे, पण ते दुकानात काढायची त्याला लाज वाटते, कारण ते काढलं की आपल्याकडे दुसरं काही नाही हे उघड होणार. गरिबी माणसाच्या चालण्याबोलण्यात, प्रेमात कशी शिरते, हे इतक्या बारकाईने फार थोड्या कादंबऱ्यांत आलं आहे.

चौथ्या कादंबरीआधी स्पेनचं यादवी युद्ध घडलं. मे १९३७मध्ये आघाडीवर ऑर्वेलच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. त्यातून तो वाचला. पण तो ज्या पक्षाच्या पथकात लढला त्यालाच स्वतःच्या बाजूच्या साम्यवाद्यांनी देशद्रोही ठरवलं आणि ऑर्वेलला बार्सिलोनातून लपतछपत निसटावं लागलं. त्या अनुभवाचं पुस्तक म्हणजे 'होमेज टू कॅटलोनिया' (१९३८). ती कादंबरी नाही, पण त्या पुस्तकाशिवाय नंतरचा ऑर्वेल कळत नाही. जिथे लढाई झालीच नाही तिथल्या लढाईच्या बातम्या वर्तमानपत्रात कशा येतात, हे त्याने स्पेनमध्ये पाहिलं.

त्यानंतरची 'कमिंग अप फॉर एअर' (जून १९३९) मला चारही कादंबऱ्यांत सरस वाटते. जॉर्ज बोलिंग हा पंचेचाळिशीचा, सुटलेल्या अंगाचा विमा एजंट. नवी कवळी बसवायच्या दिवशी त्याला वाटतं, एकदा आपलं जुनं गाव पाहून यावं. लहानपणी त्याला तिथे एक तळं सापडलं होतं. त्यात प्रचंड मासे होते, आणि ते पकडायचे राहूनच गेले होते. तिथे पोचल्यावर कळतं, तळं आटवून त्यात टिनचे डबे भरले आहेत. गावाकडच्या ओढ्याचं काय झालं हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फॅसिझमविरोधी व्याख्यान ऐकताना बोलिंगला वक्त्याच्या आवाजातच द्वेष ऐकू येतो, आणि युद्धापेक्षाही त्यानंतर येणाऱ्या घोषणांच्या, पोस्टरांच्या, रबरी दंडुक्यांच्या दिवसांची त्याला धास्ती वाटते. '१९८४'चं जग इथे एका विमा एजंटच्या डोक्यात आधीच तयार आहे.

ऑर्वेलचं आणखी एक दुर्लक्षित लेखन थेट आपल्याशी जोडलेलं आहे. १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात होता. हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी त्याने लिहिलेली युद्धवार्तापत्रं भाषांतर होऊन मराठीतही प्रसारित होत. वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. पुढे १९५०मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही पुण्याच्या ब्राह्मण कुटुंबावरची इंग्रजी कादंबरी आली. 'बर्मीज डेज'च्या जोडीने तीही शोधून वाचावी.