उशिरा घेतलेल्या वस्तू

दिवाळी जवळ आली की घरोघरी एक सभा भरते. सभेपुढे विषय एकच असतो : यंदा काय घ्यायचे? ज्याचा बोनस, तो अध्यक्ष, ही या सभेची घटना. आम्हा प्राध्यापकांना बोनस नसतो. पण अध्यक्षपदाची हौस असते, आणि घरातली मंडळी सोशीक असतात, त्यामुळे ते पद आजवर माझ्याकडे टिकून आहे. गेल्या वर्षी मात्र या सभेत माझ्यावर चक्क अविश्वासाचा ठराव आला. त्याची ही हकीकत.

झाले असे की दिवाळीच्या आधी माळा आवरताना वडिलांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. माझे वडील डोंबिवलीहून मुंबईस कारकुनी करायला जात. लग्न झाल्याच्या वर्षापासून, म्हणजे १९७४ सालापासून, त्यांनी रोजचा खर्च लिहून ठेवला होता. दूध, रॉकेल, वाणी, लोकलचा पास. किरकोळ खर्च निळ्या शाईत आणि मोठी खरेदी लाल शाईत. मी धूळ झटकायचे सोडून तिथेच शिडीवर बसलो आणि लाल ओळी तेवढ्या वाचत सुटलो. १९७५ : ट्रान्झिस्टर. १९७७ : विजेची इस्त्री. १९७९ : मनगटी घड्याळ. १९८४ : प्रेशर कुकर. १९९१ : मिक्सर.

पहिल्या वाचनात मला यात वावगे काही दिसले नाही. उलट त्या तुटपुंज्या पगारातून माणसाने किती हौसेने संसार उभा केला, म्हणून गळा दाटून आला. दुसऱ्या वाचनात मात्र मास्तरकीची सवय आडवी आली. ट्रान्झिस्टर कोणी ऐकायचा? वडिलांनी. इस्त्री कोणाच्या सदऱ्यांना? वडिलांच्या. घड्याळ कोणाच्या मनगटावर? आणि ज्या भांड्यापाशी आई रोज पहाटे पाचला उभी राहत असे, ते भांडे बदलायला दहा वर्षे लागली!

पैसे नव्हते म्हणावे, तर ट्रान्झिस्टर कुकरपेक्षा महाग पडला होता. वहीतच आकडे आहेत. बाजारात मिळत नव्हता म्हणावे, तर तेही नाही. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांचे कुकर १९५९ च्या सुमारासच बनू लागले होते. मूळ कल्पना तर त्याहून किती जुनी! देनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे असे भांडे करून दाखवले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून वाफेला वाट करून देणारी झडपही त्यानेच बसवली. आपली शिट्टी म्हणजे त्याच झडपेची नात. १६८२ साली रॉयल सोसायटीच्या विद्वान सभासदांनी पापँच्या भांड्यातले जेवणही घेतले होते. म्हणजे विद्वानांना या भांड्यात शिजलेले अन्न कसे लागते ते कळल्यावर डोंबिवलीतल्या माझ्या आईपर्यंत ते भांडे यायला ३०२ वर्षे लागली.

यातले विज्ञान अगदी साधे आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते. मग खाली ज्वाळा कितीही मोठी करा, पाणी त्याहून तापत नाही. फक्त लवकर आटते. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली आणि वर शिट्टीचे वजन ठेवले की आतला दाब वाढतो आणि पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते. या वीस अंशांची करामत अशी की तुरीची जी डाळ स्टोव्हवर तासभर रखडायची, ती पंधरा मिनिटांत शिजून तयार होते.

कुकर घरी आला तो दिवस मला आठवतो. मी सहा वर्षांचा होतो. वडील हातात माहितीपत्रक धरून एखादी पोथी वाचावी तसे मोठ्याने वाचत होते आणि आई त्याबरहुकूम एकेक कृती करत होती. पहिली शिट्टी झाली, तेव्हा आई आणि मी चाळीच्या गॅलरीत पळालो. वडीलही पळाले, पण पत्रक हातात असल्याने ते शिस्तीत पळाल्यासारखे वाटले.

वह्या घेऊन मी आईकडे गेलो. ती आता बहात्तर वर्षांची आहे. "आई, कुकर इतका उशिरा का गं आला आपल्याकडे?" ती म्हणाली, "मी मागितलाच नव्हता."

"का?"

"मागायचा असतो हे कुठे ठाऊक होतं? डाळ शिजत होती की!"

मी तिथेच थांबायला हवे होते. पण प्रश्न विचारण्याचे आमचे व्यसन. म्हटले, "मग रोजचा तो पाऊण तास वाचायला लागल्यावर त्या वेळात काय करायचीस?" माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, वाचनालयातली मासिके वाचायचे, आणि मग माझ्या मराठीच्या गोडीचा उगम कुकरमध्ये सापडला, असे मला कुठेतरी लिहिता येईल. आई म्हणाली, "झोपायचे. पाचाऐवजी पावणेसहाला उठायचे. दुसरं काय?"

मिक्सरची कथाही याच जातीची आहे. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नसत. ओले खोबरे, भिजवलेली डाळ, सुकी हळकुंडे यांनी त्यांच्या मोटारी जळत. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्याच्या पत्नीचा जर्मन मिक्सर असाच बिघडला, आणि त्यांनी भारतीय वाटण सोसेल असे दणकट यंत्र बनवले. तेच पुढे 'सुमीत' या नावाने घरोघर गेले. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की या गृहस्थांनी बायकोची तक्रार ऐकून घेतली. आमच्या घरी १९९१ पर्यंत पाटा-वरवंटाच चालला, आणि पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला येत नाही, असे वडील अखेरपर्यंत म्हणत. ते खरेही होते. फक्त ते पाट्यापुढे कधी बसले नव्हते.

हे सारे मी दिवाळीच्या सभेत रंगवून सांगितले. वडिलांच्या पिढीचे थोडे चुकलेच, अशा उदार स्वरात. आमची ही एका बँकेत नोकरी करते, हिशेबाला पक्की. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबांची वही झाली वाचून? आता आपली काढा."

आमची वही म्हणजे माझ्या मोबाइलमधली खरेदीची यादी. ती तिने मुलांसमोर मोठ्याने वाचली. नवा मोबाइल, दोनदा. कानाला लावायचे, बाहेरचा आवाज बंद करणारे यंत्र. (ते मी नेमके सकाळी कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळी लावतो, हे तिने मुद्दाम नमूद केले.) पुस्तकांचे कपाट. चालण्याचे यंत्र, ज्यावर मी एकूण अकरा दिवस चाललो आणि आता टॉवेल वाळतात. यादी संपल्यावर तिने विचारले, "आणि मावशी तीनदा काय मागत होत्या, आठवतंय?"

मला आठवत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दांड्याचा मॉप मागत होत्या. उकिडवे बसून, ओल्या फडक्याने, मागे मागे सरकत त्या आमची साडेपाचशे चौरस फुटांची लादी पुसतात आणि आमच्यासारखी आणखी चार घरे करतात. "सर, दांडीवालं पुसणं आणा की, गुडघे राहिले नाहीत," असे त्या म्हणाल्या होत्या. मी काय उत्तर दिले होते? मी म्हणालो होतो, "त्याने कोपरे नीट निघत नाहीत हो, मावशी." पाट्यावरची चटणी आणि हे कोपरे यांत अंतर किती, ते वाचकांनीच ठरवावे.

ठराव संमत झाला, पण अंमलबजावणी राहिली. त्यानंतर मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस गावी गेल्या आणि लादीचे खाते माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी दोन खोल्या उत्साहाने पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पलंगाचा कठडा धरावा लागला. तिसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या बाजारात गेलो आणि पाचशेच्या आत मिळणारा मॉप घेऊन आलो. तो घेताना दुकानदाराशी घासाघीस करण्याचेही भान राहिले नाही.

मावशी परत आल्या. मी तो मॉप एखादा सत्कार करावा तसा त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो लादीवर टेकवला, दोन हात मारून पाहिले आणि म्हणाल्या, "सर, दांडा आखूड आहे."

आणि तो होताच. मावशी माझ्यापेक्षा चार बोटे उंच आहेत, हे मला एवढ्या वर्षांत दिसले नव्हते, कारण मी त्यांना बहुधा उकिडवे बसलेलेच पाहिले होते. आखूड दांडा धरून वाकून पुसायचे म्हणजे गुडघ्यांचे दुखणे कमरेला देणे. मग आम्ही दोघे बाजारात गेलो. मावशींनी पाच-सहा दांडे हातात धरून पाहिले, हनुवटीपर्यंत येणारा निवडला, आणि दुकानदाराकडून वीस रुपये कमीही करून घेतले. कोपरे खरेच नीट निघत नाहीत. ते त्या शनिवारी फडक्याने काढतात. बाकीचे सहा दिवस कोपऱ्यांकडे पाहायला आमच्या घरात कोणाला वेळ नसतो, असे आढळून आले आहे.

मग मला जरा चटकच लागली. घरात कोण कुठे वाकते, कोण डोळे ताणते, कोण कशाशी झटते, हे मी पाहू लागलो. स्वयंपाकघरात दिवा छताच्या मधोमध आणि ओटा भिंतीकडे. त्यामुळे भाजी चिरणाऱ्याची सावली नेमकी विळीवर किंवा सुरीवर पडते. पंधरा वर्षे आमची ही बँकेतून आल्यावर संध्याकाळी स्वतःच्याच सावलीत भाजी चिरत आली आहे. ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडीची एक पट्टी लावली, काम झाले. पूर्वीचा साठ वॅटचा दिवा जेवढा उजेड देई, तेवढा आता नऊ वॅटमध्ये मिळतो. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळा प्रकाश देणारा एलईडी आहे, आणि त्याच्या शोधाबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या तिघांचे उपकार मानून झाल्यावर ही एवढेच म्हणाली, "कोथिंबिरीत माती असते, हे आता दिसतं."

आईच्या न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवणे सर्वांत अवघड गेले. बसवणे सोपे, तिला पटवणे अवघड. "मी काय म्हातारी झाले?" शेवटी तो टॉवेलसाठी आहे असे सांगितले. मात्र वाचकांनी हा कावा अर्धाच उचलावा. टॉवेलसाठी मिळणारा खराखुरा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. धरायचा म्हणून मिळणारा दांडाच घ्यावा, आणि तो टाइल्सच्या मागच्या पक्क्या भिंतीत खोल स्क्रूने बसवून घ्यावा. चिकटवायच्या दांड्यावर तर मुळीच विसंबू नये. आई त्या दांड्यावर आजही टॉवेलच टाकते. पण टॉवेल रोज एका बाजूला सरकवलेला असतो, आणि दुसरी बाजू हाताने घासून चकचकीत झाली आहे.

यंदा सभा भरली, तेव्हा मी अध्यक्षपद सोडून आईला विचारले, "तुला काय हवंय?" तिने बराच विचार केला. "काही नको" हे तिचे ठरलेले उत्तर या वेळी तिने दिले नाही. म्हणाली, "सुईत दोरा जात नाही रे आताशा."

तेव्हा कुठे कळले की दुपारी चार वाजता शेजारची तिसरीतली मुलगी शाळेतून आली की आई तिला हाक मारते आणि दोन-तीन सुयांत दोरा ओवून घेऊन गादीला टोचून ठेवते. हे किती दिवस चालले आहे, हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. मी त्याच संध्याकाळी पातळ पत्र्याच्या तुकड्याला तारेचा बारीक फास असतो ना, ती दोरा ओवायची चिमुकली वस्तू आणली. दहा रुपयांना दोन. आईला वापरून दाखवली. तिने स्वतः ओवून पाहिले, दोरा पहिल्याच खेपेस आत गेला. "छान आहे हो," म्हणाली, आणि ती शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवून दिली.

परवा सुट्टी होती म्हणून दुपारी घरी होतो. चार वाजता दार वाजले. शेजारची मुलगी दप्तर पाठीवर घेऊनच आत आली. आईने सुई आणि दोरा तिच्या हातात दिला आणि लाडवाचा डबा उघडला.