आकारालाही काम असतं : सरगुंडे, गव्हले आणि इटलीचा पास्ता



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर एकदोघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस स्वयंपाकघरात कशाला शिरला?" प्रश्न रास्त आहे. पण विषय तत्त्वज्ञानाचाच आहे, फक्त उदाहरण ताटातलं घेतलंय.

प्रश्न साधा आहे. गहू एक, पाणी एक, मळलेला गोळा एक. मग त्याच गोळ्याचे इतके आकार कशाला? इटलीत पास्त्याच्या प्रकारांची नोंद करणाऱ्या ओरेत्ता झानिनी दे व्हिता यांनी तीनशेच्या वर प्रकार गोळा केले. आपल्या घरात शेवया, सरगुंडे, गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या, शंखुल्या, फणुल्या अशी वळवटाची यादी आहे. ही सगळी हौस आहे, की त्यामागे काही कारण आहे?

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचं उदाहरण देतो. मातीचा एक गोळा जाणला की मातीच्या सगळ्या वस्तू जाणल्या. खरी ती माती, घट-मडकी ही नुसती नावं. सत्याच्या शोधात हे म्हणणं फार मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तहान लागल्यावर आपण मातीचं ढेकूळ शोधत नाही, माठ शोधतो. पाणी धरायचं काम माती करत नाही, माठाचा पोकळ आकार करतो. तसंच जेवणाचं आहे.

इथे ॲरिस्टॉटल उपयोगी पडतो. तो म्हणतो, कोणतीही वस्तू समजायची तर चार प्रश्न विचारा. ती कशाची बनली, हे उपादान कारण. तिचा आकार काय, हे आकारिक कारण. ती कोणी, कशानं घडवली, हे निमित्त कारण. आणि ती कशासाठी, हे प्रयोजन. आपण याच क्रमानं जाऊ.

पहिला प्रश्न : कशाचं?

आपल्या पोळीचा गहू वेगळा आणि शेवईचा गहू वेगळा, हे जुन्या बायकांना सांगावं लागत नव्हतं. वऱ्हाडात कोरडवाहू बन्सी गहू पेरत. हा बन्सी म्हणजे ड्युरम जातीचा गहू. दाणा टणक, फोडला तर काचेसारखा, रवा पिवळसर. इटलीचा वाळवलेला पास्ता याच ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. तिथे १९६७ साली कायदाच झाला की वाळवलेला पास्ता ड्युरमचाच हवा. म्हणजे नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावातला पास्ता आणि वऱ्हाडातला बन्सीचा रवा ही एकाच जातीची लेकरं आहेत.

फरक कुठे पडतो ते बघा. पोळीच्या गव्हात गुणसूत्रं ४२, ड्युरममध्ये २८. पोळीच्या गव्हाचा गोळा रबरासारखा ताणला जातो, म्हणून पोळी फुगते, पाव फुगतो. ड्युरमचा गोळा ताणायला नाखूश असतो, पण एकदा दिलेला आकार धरून ठेवतो. उकळत्या पाण्यात टाकला तरी त्यातल्या प्रथिनांचं जाळं पिठाला आत धरून ठेवतं, लगदा होऊ देत नाही. थोडक्यात, याला आकार द्यावा असं द्रव्यच सुचवतं.

द्रव्य बदललं की आकारही बदलावा लागतो. कुरडईचं बघा. गहू भिजवून त्याचा चीक काढला, म्हणजे गव्हातली चिवट प्रथिनं बहुतेक चोथ्यात गेली आणि स्टार्च उरला. आता हे बोटानं वळता येत नाही. म्हणून चीक आधी शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. गहू तोच, पण वळायचं द्रव्य आता घालायचं द्रव्य झालं.

दुसरा प्रश्न : कोणता आकार?

आकाराचं पहिलं काम जाडी ठरवणं. वाळवताना आणि शिजवताना पाणी आतबाहेर करतं, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ढोबळ हिशेब असा, जाडी दुप्पट केली तर वेळ साधारण चौपट. आता आपला उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात जाड गोळा वाळत घातला तर वरून कडक होतो आणि आत ओला राहतो. मग तडकतो किंवा बुरसतो. म्हणून आपले सगळे आकार बारीक किंवा पोकळ. शेवई धाग्यासारखी. गव्हला दाण्याएवढा. नखुलीत नखानं मधोमध दाबलेलं असतं, त्यामुळे मधला जाड भाग पातळ होतो आणि ती सगळीकडून सारखी शिजते. दिसायला ती नक्षी आहे, पण ती शिजण्याची सोय आहे.

आणि सरगुंडा? घट्ट मळलेल्या गोळ्याची बारीक वळी करायची, ती काडीवर गुंडाळायची आणि काडी अलगद काढून घ्यायची. नावातच गुंडाळणं ऐकू येतं. काडी गेली की पोटात पोकळी राहते. वाळताना त्या पोकळीतून हवा खेळते, शिजताना पाणी बाहेरून शिरतं तसं आतूनही शिरतं. त्यामुळे सरगुंडा बोटाएवढा जाड दिसला तरी प्रत्यक्षात कुठेही जाड नसतो.

आता इटलीतली नावं ऐका. तिथे नाव म्हणजे आकाराचं वर्णन. स्पगेट्टी म्हणजे बारीक दोऱ्या. लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा. फार्फाल्ले म्हणजे फुलपाखरं. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान. पेन्ने म्हणजे लेखणी. तिची टोकं बोरूसारखी तिरपी कापलेली असतात. आणि व्हर्मिचेल्ली म्हणजे छोट्या अळ्या! आपल्या शेवयांच्या पाकिटावर 'वर्मिसेली' छापतात तेव्हा हा अर्थ छापणाऱ्यांना माहीत नसावा. आपलीही रीत तीच आहे. गव्हला गव्हाच्या दाण्यावरून, शंखुली शंखावरून, नखुली नखावरून.

तिसरा प्रश्न : कोणी, कशानं?

दक्षिण इटलीत, कालाब्रियात, बायका पिठाची वळी लोखंडाच्या बारीक सळीवर दाबून लाटतात आणि सळी काढून घेतात. सळीला म्हणतात फेर्रेत्तो. घरात विणकामाची सुई असली तर तीही चालते. म्हणजे आपल्या सरगुंड्याचीच युक्ती, काडीच्या जागी सळी. उत्तरेकडे गार्गानेल्ली करताना पिठाचा चौकोन काठीवर गुंडाळून दातेरी फणीवरून फिरवतात, त्यामुळे नळीवर रेघा उठतात. आपल्या फणुल्या फणीच्या दातांवरच उमटतात. कावातेल्ली बोटानं दाबून खोलगट करतात; ती नखुलीशेजारी ठेवली तर बहिणी वाटाव्यात.

इथे हमखास प्रश्न येतो, "मग त्यांनी आपल्याकडून घेतलं का?" किंवा उलटं. अशीच एक गोष्ट मार्को पोलोची सांगतात, की त्यानं चीनमधून पास्ता इटलीत नेला. मार्को पोलो परतला १२९५ साली. पण अल-इद्रिसी या अरब भूगोलकारानं ११५४ मध्येच सिसिलीतल्या त्राबिया गावी असा सुका पदार्थ मोठ्या प्रमाणावर होतो आणि जहाजानं बाहेर जातो, असं लिहून ठेवलं होतं. कोणी कोणाकडून घेतलं याचा झेंडा आपण न उभारलेला बरा. सारखं द्रव्य, सारखी बोटं आणि घरात सापडणारी सारखी अवजारं असली, काडी आणि फणी, तर दोन मुलखांतल्या बायका एकमेकींचं तोंड न पाहताही एकाच आकाराला पोहोचू शकतात. मला हे उसनवारीपेक्षा जास्त आश्चर्याचं वाटतं.

चौथा प्रश्न : कशासाठी?

हा सगळ्यात महत्त्वाचा. इटालियन माणूस कोणत्याही पास्त्यावर कोणतंही कालवण घालत नाही. बारीक लांब स्पगेट्टीला तेलाचं किंवा पातळ टोमॅटोचं कालवण. रेघा असलेल्या जाड नळीला, रिगातोनीला, दाट खिम्याचं कालवण. ते रेघांत अडकतं आणि पोकळीत शिरतं. पुलिया प्रांतात ओरेक्किएत्तेबरोबर एक कडसर पालेभाजी करतात. तिचे बारीक तुकडे त्या कानाच्या वाटीत बसतात. ओर्झोसारखे दाण्याएवढे प्रकार सूपमध्ये, कारण ते चमच्यात यायला हवेत.

हाच हिशेब आपल्या ताटात लावा. गव्हले खिरीत का? दूध पातळ असतं. त्यात लांब धागे घातले तर गुंता होतो. दाणे घातले तर प्रत्येक घोटात थोडं दूध, थोडे गव्हले. शेवई खिरीत घालायची तर आधी तुपात परतून, मोडून घालतो, म्हणजे आपण तिला गव्हल्याच्या जवळ नेतो. सरगुंडे आमरसाबरोबर का? रस दाट. सपाट तुकड्यावरून तो ओघळेल. गुंडाळीच्या वळ्यांमध्ये आणि पोटातल्या पोकळीत तो भरून राहतो, घासाबरोबर तोंडात येतो. सरगुंड्याचा हंगाम आणि आंब्याचा हंगाम एकच, हेही लक्षात घ्या. कडक ऊन वाळवायलाही आणि रसालाही.

आणि आपली वरणफळं, म्हणजे इथली 'वरनफयं'. पोळी लाटायची, सुरीनं वेड्यावाकड्या वड्या पाडायच्या आणि उकळत्या वरणात सोडायच्या. त्यांना ना नखरा, ना नाजूकपणा. कारण इथे फळानं वरण नुसतं धरायचं नाही, स्वतःचं थोडं पीठ सोडून वरण दाटही करायचं आहे. म्हणून ती ओलीच घालतात, वाळवत नाहीत. इटलीत याचा जुळा भाऊ आहे, माल्ताल्याती, म्हणजे 'वाईट कापलेले'. तेही घेवड्यासारख्या कडधान्यांच्या सूपमध्ये घालतात. वाईट कापणं हासुद्धा तिथे आकार आहे, कारण त्याला काम आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की वस्तूचं प्रयोजन गेलं तरी आकार काही काळ टिकतो. पण तो पोकळ टिकतो. लग्नाआधी मुहूर्ताला सवाष्णी जमून हळद कांडत, गव्हले वळत. त्यात विधी होता, गप्पा होत्या, आणि पुढच्या पिढीच्या बोटांना मिळणारं शिक्षणही होतं. आज रुखवतात शंखुल्या दिसतात. पुष्कळदा रंग दिलेल्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या. शोभा आहे, पण त्या कोणी शिजवणार नाही. ज्या मुलीनं शंखुली फक्त पुठ्ठ्यावर पाहिली, तिला ती किती पातळ हवी हे कसं कळणार? ते ज्ञान शिजवताना तपासलं जातं. ज्या दिवशी शिजवणं थांबतं, त्या दिवशी चूक दाखवणारं कोणी उरत नाही.

त्याच वेळी आपल्या घरात मॅकरोनी आली. त्याला माझी हरकत नाही. आपल्या बायकांनी तिला कांदा-मसाल्याची फोडणी देऊन आपलंसं केलं, हे चांगलंच झालं. फक्त पोकळ नळीत मसाला भरतो म्हणून जी मॅकरोनी पोरांना आवडते, तिची आतेबहीण आजीच्या डब्यात होती, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

इटलीतही आकार नाहीसे होतात. सार्डिनियात 'सू फिलिंदेऊ', म्हणजे देवाचे धागे, हा केसासारखा बारीक प्रकार यात्रेसाठी करतात, आणि तो जमणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. पण तिथे लोक नोंद करतात. बोलोन्यात १६ एप्रिल १९७२ रोजी ताल्यातेल्ले या पट्टीचं माप रीतसर व्यापारमंडळात नोंदवलं गेलं : शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर. आपल्याला हसू येईल. पण सरगुंड्याची काडी किती जाड हवी, हे आपल्याकडे कोणत्या कागदावर आहे?

या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, कारण ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह इथे झाला आणि तो कागदावर उतरला. ज्या काळात तो तह झाला त्या काळात इथल्या बायका काय वळत होत्या, कशावर वळत होत्या, हे कोणी लिहून ठेवलं नाही. बायकांच्या बोटांतलं ज्ञान आपण कधी ज्ञानात धरलंच नाही, हे त्याचं खरं कारण.

म्हणून एक काम सांगतो आणि थांबतो. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी आई, आजी, मावशी, आत्या हे करू शकते, त्यांनी एक वही घ्या. प्रत्येक पानावर एक आकार आणि चार रकाने : कशाचा, कसा दिसतो, कशानं वळला, कशाबरोबर खाल्ला. काडीची जाडी पट्टीनं मोजा. पीठ किती घट्ट हे विचारा. ती 'हाताला कळतं' म्हणेल, तेव्हा तिच्या शेजारी बसून तुम्हीही मळून बघा. नाव ती उच्चारते तसंच लिहा, पुस्तकी करू नका. पुढच्या गावात तेच नाव वेगळं निघेल, तेही लिहा. आणि शेवटी केलेलं शिजवून खा. चौथा रकाना खाल्ल्याशिवाय भरता येत नाही.